बडोद्याचे दोन विद्यार्थी : परदेशातून आलेले तंत्रज्ञान आणि आपला हिशेब

केंद्र सरकार २००३ पासून ९ जानेवारीला ‘प्रवासी भारतीय दिवस’ पाळते. १९१५ साली याच तारखेला गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून मुंबईत उतरले, म्हणून ही तारीख निवडली गेली. या दिवशी परदेशातल्या भारतीय डॉक्टरांचे, अभियंत्यांचे, उद्योगपतींचे सत्कार होतात. मायदेशाने तुम्हाला घडवले, आता तुमचे ज्ञान आणि तंत्रज्ञान मायदेशाला द्या, असे आवाहन मंचावरून केले जाते. टाळ्या पडतात.

गांधीजींच्या त्या परतीनंतर अडीच वर्षांनी, ऑगस्ट १९१७ मध्ये, आणखी एक माणूस परदेशातून मुंबईत उतरला होता. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला, लंडनमधला अभ्यास पैशाअभावी अर्धा सोडून आलेला. आपले ज्ञान मायदेशातल्या सरकारला द्यायचे, असा लेखी करारच त्याने केलेला होता. त्याच्या परतीचा दिवस कोणतेही सरकार पाळत नाही. कारण तो पाळायचा तर त्या परतीचे पुढे काय झाले, हेही सांगावे लागेल.

परदेशस्थ तज्ज्ञ आणि मायदेशाचे सरकार यांनी मिळून तंत्रज्ञान उभे करायचे, या गोष्टीचा इतिहास नेहमी वरच्या टोकाकडून लिहिला जातो. आज तो आपल्या टोकाकडून पाहू.

करार पाळायला गेलेला माणूस

जून १९१३ मध्ये बाबासाहेबांनी बडोदा संस्थानाशी करार केला. महाराज सयाजीराव गायकवाड तीन वर्षे शिष्यवृत्ती देणार, शिक्षण संपल्यावर बाबासाहेब दहा वर्षे संस्थानाची चाकरी करणार. आजच्या भाषेत सांगायचे तर सरकारने एका हुशार तरुणाला परदेशात पाठवले आणि त्याचे ज्ञान परत आणण्याची कायदेशीर तजवीजही केली. योजना म्हणून यात कुठेही खोट नव्हती. महाराजांची इच्छा होती, पैसा होता, माणूस लायक होता.

सप्टेंबर १९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्यात गेले. राहायला जागा मिळेना. पारशी असल्याचे भासवून एका पारशी धर्मशाळेत त्यांनी खोली घेतली. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून टाकत. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले पारशी धर्मशाळेवर चालून आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेले. एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही आसरा देणे टाळले. रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत जगातल्या एका नामांकित विद्यापीठात शिकलेला तो माणूस कामाठी बागेत बसून राहिला आणि मग मुंबईला परतला.

ही गोष्ट आपण भाषणांतून इतक्यांदा ऐकली आहे की तिचा एक अर्थ निसटून जातो. सयाजीरावांच्या हातात संस्थान होते, तरीही त्यांना आपल्या एका अधिकाऱ्याला एक खोली मिळवून देता आली नाही. सरकारने तज्ज्ञ परत आणला आणि समाजाने तो हाकलून दिला. संस्थानाने पैसा खर्चून मिळवलेले ज्ञान अकरा दिवसांत वाया गेले. परदेशातले ज्ञान मायदेशी आणायला विमानाचे तिकीट आणि सरकारी पत्र पुरत नाही, हा धडा या देशाला १९१७ सालीच मिळाला होता. देशाने तो घेतला नाही, हे पुढच्या शंभर वर्षांत दिसते.

तोच माणूस सरकारात

पंचवीस वर्षांनी, जुलै १९४२ मध्ये, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्या खात्यात कामगारांबरोबर पाटबंधारे, वीज, सार्वजनिक बांधकाम, खाणी असे विषय होते. आपण मजूरमंत्री म्हटले की कामाचे तास आणि बाळंतपणाची रजा एवढेच सांगतो. पण तंत्रज्ञानाच्या इतिहासात ही चार वर्षे फार मोलाची आहेत.

१९४३ मध्ये दामोदर नदीला मोठा पूर आला. युद्ध चालू असताना बंगालचा रस्ता आणि रेल्वे तुटली. जुनी पद्धत म्हणजे बांध दुरुस्त करायचा आणि पुढच्या पुराची वाट पाहायची. बाबासाहेबांच्या खात्याने अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याचा नमुना समोर ठेवला. एका नदीचे सगळे खोरे एक धरायचे. पूर, वीज, सिंचन, जलवाहतूक या सगळ्यांचा विचार एकत्र करायचा. त्यासाठी टेनेसी खोरे प्राधिकरणातले अभियंते व्हूरडुइन यांना भारतात आणले गेले. १९४५ मध्ये जानेवारीत आणि ऑगस्टमध्ये कलकत्त्याला ज्या परिषदा झाल्या, त्यांत बाबासाहेबांनी ही योजना पुढे रेटली. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला.

पण नुसता परदेशी तज्ज्ञ आणून ते थांबले नाहीत. ज्ञान देशात मुरावे म्हणून संस्था उभारल्या गेल्या. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ, १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन आयोग. आजचा केंद्रीय जल आयोग आणि केंद्रीय वीज प्राधिकरण यांची मुळे तिथे आहेत. तज्ज्ञ आज येईल, उद्या जाईल. संस्था मागे राहिली तर ज्ञान राहते. बडोद्यात एकट्या माणसाचे काय झाले हे ज्याने भोगले होते, त्याला हे वेगळे सांगावे लागत नव्हते.

याच काळातली दुसरी गोष्ट त्याहून कमी सांगितली जाते. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन दिले. त्यातला शिक्षणाचा भाग आजच्या प्रत्येक तरुणाने वाचावा असा आहे. त्यांचे म्हणणे असे होते की कला आणि कायदा या शाखांच्या पदव्यांनी अस्पृश्यांचे फारसे भागणार नाही. त्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे. हे शिक्षण महाग आहे, म्हणून देशातल्या आणि परदेशातल्या अशा शिक्षणासाठी सरकारने पैसा द्यावा. त्यानंतर सरकारने शिष्यवृत्त्या सुरू केल्या आणि आपल्या समाजातली मुले परदेशात शिकायला गेली.

स्वतः अर्थशास्त्र आणि कायदा शिकलेला माणूस आपल्या समाजाला तंत्रज्ञान शिका म्हणतो, यामागे साधा हिशेब होता. युद्धानंतर देशात धरणे, वीजकेंद्रे, कारखाने उभे राहणार होते. ते चालवणाऱ्या खुर्च्यांवर कोण बसणार, हे त्याच वेळी ठरणार होते. एकीकडे धरणाची योजना आणि दुसरीकडे त्या धरणावर अभियंता म्हणून आपला पोरगा असावा ही मागणी. एकाच मंत्र्याच्या टेबलावर या दोन्ही फायली होत्या आणि त्याच्या मनात त्या वेगळ्या नव्हत्या. पुढे देशाने पहिली फाइल घेतली आणि दुसरी बाजूला ठेवली.

बडोद्याचा दुसरा विद्यार्थी

आता चाळीस वर्षे पुढे येऊ. सत्यनारायण ऊर्फ सॅम पित्रोदा, जन्म १९४२, ओडिशातले टिटलागड. कुटुंब गुजराती सुतारांचे. ही जात त्यांनी लपवली नाही, उलट स्वतः सांगितली. त्यांनी पदार्थविज्ञान शिकले ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात. ज्या शहरातून १९१७ साली बाबासाहेब निघाले, त्याच शहरातून १९६४ साली हा तरुण शिकागोला गेला. तिथे त्याने टेलिफोनच्या डिजिटल यंत्रणेत पेटंटे मिळवली, कंपनी काढली आणि ती विकली. १९८१ मध्ये दिल्लीतल्या हॉटेलातून घरी फोन लावताना आलेल्या वैतागातून भारताचे टेलिफोन सुधारायचे त्याने मनावर घेतले, अशी ही प्रसिद्ध कथा.

१९८१ च्या जनगणनेत देशात ६८ कोटी माणसे होती आणि टेलिफोन होते वीस लाखांच्या आसपास. फोनसाठी वर्षानुवर्षे रांग. ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संस्था स्थापन झाली. छत्तीस कोटी रुपये, छत्तीस महिने, भारतीय बनावटीचे डिजिटल एक्सचेंज. पित्रोदांनी वर्षाला एक रुपया पगार घेतला.

यातला खरा तांत्रिक निर्णय काय होता, तो समजून घ्या. परदेशी कंपन्यांची एक्सचेंजे मोठ्या शहरांसाठी बनलेली होती. हजारो जोडण्या, वातानुकूलित खोली, अखंड वीज. सी-डॉटने १२८ जोडण्यांचे छोटे ग्रामीण एक्सचेंज बनवले, जे धुळीत आणि उन्हाळ्यात वातानुकूलनाशिवाय चालेल. जुलै १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूर गावात पहिले एक्सचेंज बसले. हे तंत्रज्ञान अनेक भारतीय कारखान्यांना परवान्यावर दिले गेले. मोठे एक्सचेंज मात्र ठरल्या मुदतीत झाले नाही आणि त्यावरून टीकाही झाली. पण छोट्या एक्सचेंजने देशाची खेडी जोडली. त्यानंतर रस्त्यारस्त्यावर पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ आले.

मोठ्या माणसाच्या कथेत एक गोष्ट झाकली जाते. पित्रोदा येण्याआधीपासून दूरसंचार खात्याच्या संशोधन केंद्रात आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डिजिटल स्विचिंगवर काम चालू होते. तिथल्या माणसांनी सी-डॉटचा पाया घातला आणि यंत्र बनवले ते इथल्याच महाविद्यालयांतून आलेल्या शेकडो तरुण अभियंत्यांनी. परदेशातून आलेल्या माणसाने दिशा दिली, आत्मविश्वास दिला, सरकारी लाल फीत कापली. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण जमीन आधीच नांगरलेली होती.

आपल्या वस्त्यांच्या बाजूने या कथेला आणखी एक अर्थ आहे. माझ्या आजोळच्या गावात पीसीओ येण्याआधी गावात एकच फोन होता, गावातल्या एका बड्या घरी. मुंबईत कामाला गेलेल्या मामाचा निरोप आला तर वस्तीतला माणूस त्या वाड्याच्या ओट्याखाली उभा राहून ऐकायचा. रिसीव्हर हातात मिळायचा नाही; घरातले कोणी तरी ऐकून निरोप सांगायचे. आजारपण, मयत, पैशाची अडचण, सगळे आधी वाड्याला कळायचे आणि मग आम्हाला. एसटीडी बूथ आला आणि रुपया टाकणाऱ्याच्या हातात रिसीव्हर आला. काचेचे दार लावून माझी आजी तिच्या पोराशी मनातले बोलू शकली. सामाजिक क्रांती म्हणून कोणी हे करायला गेले नव्हते. पण सार्वजनिक जागी, सरकारी दरात, सगळ्यांना सारखे मिळणारे तंत्रज्ञान जातीच्या एका गाठीला सैल करते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

म्हणून ‘हे सगळे उच्चवर्णीयांचे खेळ’ असे म्हणून या इतिहासाकडे पाठ फिरवणाऱ्या आपल्याच मित्रांशी मी सहमत नाही. बाबासाहेबांनी वीज आणि धरणाकडे पाठ फिरवली नव्हती.

मग खोट कुठे आहे?

पहिली खोट : परदेशात पोहोचले कोण?

तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. पहिली आयआयटी खरगपूरला १९५१ मध्ये निघाली. अमेरिकेने आपला स्थलांतराचा कायदा १९६५ मध्ये बदलला आणि पदवीधर तंत्रज्ञांना दार उघडले. आयआयटीत अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण मिळाले १९७३ मध्ये. इतर मागासवर्गीयांना केंद्रीय संस्थांत आरक्षण मिळायला २००८ उजाडले. म्हणजे जनतेच्या पैशावर शिकून अमेरिकेला जाणाऱ्या पहिल्या पिढीत आपली मुले का नव्हती, याचे उत्तर बुद्धीत नाही, या तारखांत आहे. अमेरिकेतल्या भारतीय स्थलांतरितांपैकी दलित आणि खालच्या मानलेल्या जातींचे लोक जेमतेम दीड टक्का आहेत, असे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २००३ च्या पाहणीतून समोर आले होते.

यामुळे ‘परदेशस्थ भारतीयांचे ज्ञान’ असे सरकार म्हणते, तेव्हा ते व्यवहारात काही मोजक्या जातींचे ज्ञान असते. जे सल्लागार म्हणून येतात त्यांना देशाचे जे प्रश्न दिसतात, तेच देशाचे प्रश्न ठरतात. २००५ मध्ये राष्ट्रीय ज्ञान आयोग नेमला गेला, अध्यक्ष पित्रोदाच. २००६ मध्ये सरकारने ओबीसींना केंद्रीय शिक्षणसंस्थांत २७ टक्के आरक्षण द्यायचे ठरवले तेव्हा या आयोगातल्या दोन नामवंत सदस्यांनी निषेध म्हणून राजीनामे दिले. ज्ञानाचा आयोग आणि ज्ञानाची वाटणी यांत असा झगडा व्हावा, यातच सगळे आले.

आणि परदेशात गेल्यावर जात गळून पडते, असे ज्यांना वाटते त्यांनी कॅलिफोर्नियाकडे पाहावे. जून २०२० मध्ये त्या राज्याच्या नागरी हक्क पाहणाऱ्या खात्याने एका दलित अभियंत्याशी जातीवरून भेदभाव झाल्याचा दावा सिस्को कंपनीविरुद्ध आणि तिच्या दोन अभियंत्यांविरुद्ध लावला. कंपनीने आरोप नाकारले. २०२३ मध्ये त्या दोघांविरुद्धचा दावा खात्याने मागे घेतला. त्या एका दाव्याचा निकाल काहीही असो, त्यानंतर अनेक दलित तंत्रज्ञ बोलू लागले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी केली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने असेच विधेयक मंजूर केले, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यपालांनी ते नाकारले. त्या विधेयकाला कडाडून विरोध करणाऱ्यांत परदेशस्थ भारतीयांच्याच संघटना होत्या. बडोद्याची धर्मशाळा सातासमुद्रापलीकडेही बांधली गेली आहे.

दुसरी खोट : तंत्रज्ञान कोणत्या प्रश्नावर लावले?

राजीव गांधींच्या काळात पित्रोदांच्या देखरेखीखाली तंत्रज्ञान मिशने सुरू झाली. पिण्याचे पाणी, लसीकरण, साक्षरता, तेलबिया, दूरसंचार, पुढे दुग्धविकास. विषय चांगलेच होते. पण या यादीत डोक्यावरून मैला वाहणाऱ्या बाईसाठी मिशन नव्हते. गटारात उतरणाऱ्या माणसासाठी नव्हते. उपग्रह सोडणाऱ्या देशाला मॅनहोल साफ करणारे यंत्र बनवता येत नव्हते, असे कोणी म्हणू शकेल काय? २०१८ मध्ये केरळातल्या काही तरुण अभियंत्यांनी राज्य सरकारच्या मदतीने ‘बँडिकूट’ नावाचा रोबो बनवला आणि तिरुवनंतपुरममध्ये तो गटारात उतरवला. म्हणजे अडचण तंत्राची नव्हतीच. मैला हाताने उचलण्याला बंदी करणारे कायदे १९९३ आणि २०१३ मध्ये झाले. गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला दहा लाख द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. मरणाची किंमत वाढली, मरण थांबले नाही. एका जातीचा देह यंत्रापेक्षा स्वस्त आहे तोवर यंत्र कोण विकत घेणार?

बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले होते की जातिव्यवस्था कामांबरोबर काम करणाऱ्या माणसांचीही उतरंड लावते. तंत्रज्ञानाचा अग्रक्रमही त्याच उतरंडीने ठरतो.

तिसरी खोट : ज्याच्यावर तंत्रज्ञान चालवायचे, त्याला विचारले का?

२००९ मध्ये आधारचे प्राधिकरण स्थापन झाले. या कामात देशातल्या बड्या संगणक कंपन्यांतले लोक आले, तसेच अमेरिकेत काम केलेले काही अभियंतेही येऊन बसले. पहिला आधार क्रमांक दिला गेला तो आपल्या महाराष्ट्रात. २९ सप्टेंबर २०१० रोजी, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात. पंतप्रधान आले, कॅमेरे आले, एका आदिवासी भगिनीच्या हातात पहिला क्रमांक दिला गेला. पुढची अनेक वर्षे पत्रकार त्या गावात जाऊन विचारत राहिले, क्रमांक मिळाला, बाकी काय मिळाले? रोजगार आणि रेशन यांचे रडगाणे होते तसेच होते.

आणि बोटांचे ठसे! ऊस तोडणाऱ्याच्या, वीटभट्टीवरच्या, भांडी घासणाऱ्या बाईच्या बोटांवरच्या रेषा कामाने झिजतात. रेशन दुकानातले यंत्र त्यांना ओळखत नाही. ज्याने जन्मभर कीबोर्डवर बोटे चालवली त्याच्या रेषा शाबूत असतात. तंत्रज्ञान बनवणाऱ्यांच्या खोलीत एक जरी ऊसतोड कामगाराचा मुलगा बसलेला असता, तर पहिल्याच बैठकीत त्याने आपल्या बापाचे हात डोळ्यांपुढे आणले असते. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने आधार वैध ठरवला, पण न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या असहमतीच्या निकालात योजनेतून बाहेर फेकल्या जाणाऱ्या माणसांचा प्रश्न ठळकपणे आला आहे. तंत्रज्ञानाला जात नसते, असे म्हणणाऱ्यांना माझे एवढेच उत्तर आहे : यंत्राला जात नसेल, पण यंत्र कोणाच्या हाताला गृहीत धरून बनवले, त्याला असते.

तैवानने आधी काय केले?

या विषयावर बोलताना सगळे तैवानचे उदाहरण देतात. आपणही ते नीट पाहू.

फेब्रुवारी १९७४ मध्ये तैपेईतल्या एका सोयाबीन दुधाच्या दुकानात तैवानचे मंत्री आणि अधिकारी न्याहारीला बसले. त्यांच्यात अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत काम करणारे पान वेन-युआन हे चिनी वंशाचे अभियंते होते. एकात्मिक मंडले, म्हणजे चिप, बनवायला शिकायचे असे तिथे ठरले. १९७६ मध्ये आरसीएशी करार झाला, तरुण अभियंत्यांची तुकडी अमेरिकेत शिकून आली. १९८० मध्ये शिंचू विज्ञान उद्यान सुरू झाले. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये पंचवीस वर्षे घालवलेले मॉरिस चँग तैवानच्या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख म्हणून आले आणि १९८७ मध्ये त्यांनी टीएसएमसी उभी केली. सुरुवातीच्या भांडवलातला जवळजवळ निम्मा वाटा सरकारचा होता. आज जगातल्या सर्वात प्रगत चिप त्या कंपनीत बनतात.

आपल्याकडचे वक्ते कथा इथे संपवतात. पण तिचा आधीचा अध्याय वाचा. १९४९ मध्ये तैवानने कुळांचा खंड पिकाच्या साडेसदतीस टक्क्यांवर आणला. १९५३ मध्ये ‘कसेल त्याची जमीन’ कायदा लागू केला. १९६८ मध्ये नऊ वर्षांचे शिक्षण मोफत केले. ती राजवट लोकशाही नव्हती, १९८७ पर्यंत तिथे लष्करी कायदा होता, हेही विसरू नका. आपल्याला तसली राजवट नको. पण चँग आले तेव्हा त्यांच्या कारखान्यात काम करायला शेतकऱ्यांची शिकलेली मुले-मुली तयार होती. वरून आलेल्या ज्ञानाला खाली झेलणारे हात होते.

आपल्याकडे काय झाले? मार्च १९४७ मध्ये ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात बाबासाहेबांनी शेतजमीन आणि मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे करा, जमीन जात-धर्म न पाहता कसायला द्या, असे मांडले होते. ते संविधानात आले नाही. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचे शिक्षण दहा वर्षांत मोफत आणि सक्तीचे करण्याचे मार्गदर्शक तत्त्व संविधानात आले. शिक्षणाच्या हक्काचा कायदा लागू झाला २०१० मध्ये. तैवानने पाया आधी घातला आणि मग कळस बोलावला. आपण कळसाला आमंत्रणे पाठवत राहिलो. १९५८ मध्ये परत येणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी पूल योजना निघाली, २०१७ मध्ये वज्र, २०२० मध्ये वैभव संमेलन. नावे बदलली, पायाचे काम तसेच राहिले.

मग आपण काय करायचे?

आज आपल्या वस्त्यांतली मुले-मुली लंडन, न्यूयॉर्क, बर्लिन, मेलबर्नला पोहोचली आहेत. राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती वर्षाला १२५ जणांना आहे, महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती ७५ जणांना. कोट्यवधींच्या समाजाला या जागा म्हणजे वाळवंटातला थेंब आहे. त्यातही २०२२ मध्ये केंद्राने भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाज या विषयांवर परदेशात संशोधन करायला राष्ट्रीय शिष्यवृत्ती मिळणार नाही, असा नियम केला. म्हणजे जातीवर संशोधन करायचे असेल तर स्वतःच्या पैशाने करा. हा नियम मान्य करता येणार नाही. तंत्रज्ञान शिकायलाच हवे, पण काय शिकायचे नाही हे सरकारने ठरवायचे नाही.

आपल्या चळवळीत ‘पे बॅक टू सोसायटी’ हा शब्द रूढ आहे. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्यात शिकलेल्या लोकांबद्दल बाबासाहेबांनी व्यक्त केलेली खंत आपण दर वर्षी आठवतो आणि परदेशातल्या मुलांना अपराधी वाटायला लावतो. मला वाटते, हे अर्धेच बरोबर आहे. एकटा माणूस परत आला तर त्याचे काय होते, हे बडोद्याने दाखवले. बाबासाहेब बडोद्याहून परतले ते संस्था, कायदे आणि संघटना उभारायला. तेव्हा मागणी एकेकट्याकडून नको, सरकारकडे हवी आणि ती नेमकी हवी.

एक, परदेशस्थ तज्ज्ञांना बोलावणाऱ्या प्रत्येक सरकारी योजनेत निवडलेल्यांचे आणि निवड समितीचे सामाजिक प्रवर्ग जाहीर करा. लाभार्थ्याची जात विचारता, मग सल्लागाराची का नाही?

दोन, सरकारी शिष्यवृत्तीवर परदेशात शिकलेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या अभियंत्यांना, शास्त्रज्ञांना परत येताना प्रयोगशाळा, पद आणि निधी देणारी स्वतंत्र वाट करा. पाठवताना सरकार असते आणि परतताना कोणी नसते, हे बंद झाले पाहिजे.

तीन, गटार आणि सेप्टिक टाकीच्या सफाईचे संपूर्ण यांत्रिकीकरण हे राष्ट्रीय तंत्रज्ञान मिशन म्हणून मुदत आणि पैसा बांधून घ्या. छत्तीस महिन्यांत एक्सचेंज बनवता आले, तर छत्तीस महिन्यांत मॅनहोल माणसापासून मुक्त का होऊ नये?

चार, जनतेच्या पैशाने आणि जनतेच्या माहितीवर उभे राहिलेले तंत्रज्ञान सार्वजनिक मालकीचे राहील. खाजगी कंपनीला ते द्यायचे तर तिथल्या नोकऱ्यांत प्रतिनिधित्वाची अट घाला.

आणि परदेशातल्या आपल्या भावा-बहिणींना एवढेच सांगणे आहे. सरकारी मंचावरच्या सत्काराची वाट पाहू नका. तुम्ही जिथे आहात तिथून इथल्या एका वसतिगृहातल्या, एका वस्तीतल्या पाच मुलांना विज्ञानाच्या वाटेवर आणा. तुमच्यासारखे आणखी दहा जण गोळा करून संस्था उभारा. आणि इथल्या चळवळीला सरकारशी भांडायला लागणारी तांत्रिक माहिती पुरवा. रेशनचे यंत्र का चुकते, हे कागदावर सिद्ध करून देणारा एक अभियंता शंभर मोर्चांना बळ देतो.

१९१७ साली एक माणूस कामाठी बागेत बसून गाडीची वाट पाहत होता. त्याला घर नाकारणाऱ्या देशाने पुढे त्याच्याच हाताने पाण्याची, विजेची आणि संविधानाची घडी बसवून घेतली. पुढचा माणूस परत येईल तेव्हा त्याच्यासाठी खोली तयार असेल का, हे सरकारला विचारत राहणे आपले काम आहे.

जय भीम!